लग्नाचा आल्बम : एक परीक्षण

पुस्तकांची परीक्षणे लिहिण्यात माझी तीसएक वर्षे गेली. या काळात कवितासंग्रह आले, कादंबऱ्या आल्या. एकदा तर एका संपादकांनी पाककृतींचे पुस्तक माझ्या गळ्यात घातले आणि मी ते काहीही न चाखता परीक्षिले. परंतु यंदा आषाढात जे लिखाण अभिप्रायासाठी माझ्या हाती पडले, तसे पूर्वी कधी पडले नव्हते. ते कोणा प्रकाशकाने पाठवले नव्हते. माझ्या धाकट्या बहिणीने आणून दिले. गुळगुळीत कागदाची आठ पाने, वर सोनेरी अक्षरे, आणि आत लग्नाच्या फोटोग्राफीची तीन 'पॅकेजे'.

भाचीचे लग्न मार्गशीर्षात ठरले आहे. बहीण म्हणाली, "दादा, तू एवढी पुस्तकं वाचतोस. यातलं कुठलं घ्यायचं तेवढं सांग. आम्हां दोघांना तिन्ही सारखीच वाटतात, फक्त किंमत वेगळी आहे."

दोन गोष्टी सारख्याच वाटतात आणि त्यांतली एक निवडायची आहे, अशी वेळ आली की लोकांना टीकाकाराची आठवण होते. एरवी कोणी विचारीत नाही. तेव्हा मी चष्मा पुसला, पेन्सिल काढली आणि ती आठ पाने रीतसर वाचावयास बसलो.

प्रथम लेखनाविषयी. तिन्ही पॅकेजांना धातूंची नावे आहेत: चांदी, सोने आणि प्लॅटिनम. चांदीत दोन माणसे येतात. एक 'ट्रॅडिशनल' फोटो काढतो, दुसरा व्हिडिओ घेतो. सोन्यात त्यांच्या जोडीला एक 'कँडिड'वाला येतो. प्लॅटिनम घेतले तर लग्नाआधीचे 'प्री-वेडिंग', आकाशातून घिरट्या घालणारा ड्रोन, 'सिनेमॅटिक' फिल्म, सभागृहात एलईडीचा मोठा पडदा आणि जाड पानांचे दोन करिझ्मा आल्बम. किंमत साठ हजारांपासून अडीच लाखांपर्यंत. ट्रॅडिशनल म्हणजे सांगून, उभे करून, 'इकडे बघा' म्हणून काढलेला फोटो. कँडिड म्हणजे माणूस बेसावध असताना टिपलेला फोटो. मात्र बेसावध कसे दिसायचे याची पूर्वसूचना आदल्या दिवशी मिळते, असे एका अनुभवी वधूपित्याने मला सांगितले.

परीक्षणाच्या जुन्या सवयीने मी नामांखाली रेघा ओढीत गेलो. कॅमेरे किती, भिंगे किती, तास किती, पाने किती, फोटो किती हजार, हे सारे तपशीलवार होते. माणसांपैकी मात्र दोघांचाच उल्लेख सापडला: नवरा आणि नवरी. आठ पानांत 'आई' हा शब्द एकदाही आलेला नव्हता. लग्नाविषयीच्या लिखाणात हे न्यून मला मोठे वाटले, आणि तिथून माझ्या शंकेला सुरुवात झाली.

कोणत्याही कृतीचे मूल्यमापन तिच्या परंपरेत ठेवून करावे, असे आम्ही लोक म्हणतो. म्हणून कपाटाच्या वरच्या खणातून आमच्या घरचे तीन आल्बम खाली काढले.

पहिला १९७१ सालचा, थोरल्या ताईच्या लग्नाचा. लग्न वाईला, आमच्या वाड्याच्या अंगणात, वैशाखात झाले. फोटोग्राफर साताऱ्याहून एस.टी.ने आला होता. त्याचा कॅमेरा दोन भिंगांचा, डब्यासारखा. तो छातीशी धरून, मान खाली घालून, वरच्या काचेत पाहावे लागे, त्यामुळे तो प्रत्येक पाहुण्याला नमस्कार करतो आहे असे आम्हा मुलांना वाटे. अशा कॅमेऱ्यात एका रोलवर बारा चौकोनी फोटो येत. त्याने दोन रोल आणले होते. म्हणजे साऱ्या लग्नाला चोवीस फोटो, अधिक एकही नाही.

त्या चोवीस फोटोंचा आल्बम आजही जसाच्या तसा आहे. काळी पाने, कोपऱ्यांना चिकटवलेले कागदी त्रिकोण, मध्ये जाळीच्या नक्षीचा पातळ कागद. मी एकदा भिंग घेऊन मोजले: चोवीस फोटोंत एकशे सव्वीस माणसे सापडतात. अंतरपाट अर्धा खाली आला आहे, अक्षतांच्या पांढऱ्या रेघा हवेत उमटल्या आहेत, आणि ताईच्या मागे आमचा मामा उभा आहे. सूनमुखाच्या आरशात सासूबाईंच्या शेजारी फोटोग्राफरचा कोपरही आला आहे. पंगतीच्या फोटोत डाव्या कडेला आमच्या आत्याचे यजमान पान संपवून दुसऱ्यांदा बसल्यासारखे दिसतात. झालीचा फोटो मात्र नाही. त्याला संध्याकाळची एस.टी. गाठावयाची होती.

दुसरा आल्बम माझ्या लग्नाचा, १९८४ चा, रंगीत. रोल छत्तीस फोटोंचा झाला होता आणि हात सैल झाला होता. त्या फोटोंवर आता तांबूस झाक पसरली आहे. शालूचा हिरवा रंग मातकट झाला आणि माझा सूट, जो निळा होता असे घरचे सांगतात, तो कोणत्याच रंगाचा राहिलेला नाही. याचे कारण साधे आहे. काळ्यापांढऱ्या फोटोत चांदीचे कण असतात आणि ते नीट धुतलेले असले तर फार टिकतात. त्या काळच्या रंगीत फोटोंत तीन सेंद्रिय रंग असत. त्यांतला निळसर आधी उडतो आणि उरलेल्या दोघांचे राज्य होते. तेव्हा १९७१ ची ताई अजून जशीच्या तशी आहे आणि तिच्यानंतर तेरा वर्षांनी लग्न केलेला मी मात्र विटून गेलो आहे.

तिसरे लग्न धाकटीचे, १९९१ चे. त्या वर्षी फोटो थोडे निघाले, कारण पैसे सारे व्हिडिओत गेले. एक माणूस खांद्यावर कॅमेरा, दुसरा हातात प्रखर दिवा आणि तिसरा नुसती वायर सांभाळणारा, अशी ती मिरवणूक मांडवभर फिरली. पाहुणे हाताने डोळे झाकीत. पुढे तीन तासांची कॅसेट आली. तीत नवरीचा चेहरा बदामातून उगवे आणि चांदणीत मावळे. ती पुरती पाहिलेला मनुष्य मला भेटलेला नाही. पावसाळ्यांत कॅसेटला बुरशी धरली. ती लावण्याचे यंत्र बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कारखान्यानेही २०१६ साली ते काम बंद केले.

इथपर्यंत वाचून आपणास वाटेल की हा गृहस्थ जुन्याची आरती ओवाळणार. थांबा. बुरशी धरण्यापूर्वी एका भाच्याने त्या कॅसेटवरचे जेवढे निघाले तेवढे संगणकावर उतरवून घेतले. त्यात पंगत चालू असताना, मोठ्या गलक्यातून, "अहो, ताक इकडे," असे तीन शब्द ऐकू येतात. तो आमच्या बाबांचा आवाज. बाबा १९९६ मध्ये गेले. त्यांचा आवाज म्हणून आमच्याजवळ हे तीन शब्द आहेत, दुसरे काही नाही.

आणि त्यांची तसबीर? तेराव्याला भिंतीवर लावण्यासाठी त्यांचा एकट्याचा धड एक फोटो मिळेना. शेवटी माझ्या लग्नाच्या समूहफोटोतून त्यांचा चेहरा कापून, रंग उतरलेले म्हणून काळ्यापांढऱ्यात मोठा करून घेतला. त्या तसबिरीत बाबांच्या उजव्या खांद्यावर एक बोट दिसते. ते काकांचे आहे. काकाही आता नाहीत. परके कोणी आले तर त्यांना ते सुरकुती वाटते. आम्ही खुलासा करीत नाही.

मला वाटते, लग्नाच्या आल्बमची कसोटी इथे सापडते. मर्ढेकरांनी कलाकृतीच्या लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे तीन प्रकार सांगितले, आणि त्या तिन्हींवर आम्ही पुष्कळ शाई खर्च केली. आल्बमला मात्र एक घरगुती कसोटी पुरते: वीस वर्षांनी तो उघडल्यावर वाचकाचे बोट कुठे थांबते? नवरानवरीवर ते क्वचितच थांबते; ती दोघे समोर चहा पीत बसलेली असतात. बोट थांबते कडेच्या माणसांवर. 'ही बघ काकू, केस केवढे होते.' 'हा तर गेला पुढच्याच वर्षी.' लग्न हा आपल्याकडे असा एकच प्रसंग की ज्याला दोन्हीकडची शंभर-दोनशे माणसे नीटनेटके कपडे घालून, राजीखुशीने, एका जागी येतात. पुढे ती पुन्हा तशी कधीच जमत नाहीत. पॅकेजची आठ पाने ज्यांच्याबद्दल एक शब्द बोलत नाहीत, त्यांच्यासाठीच पुढे आल्बम उघडला जातो.

या कसोटीवर आजच्या चालीचा एक दोष मला फार खटकतो. गेल्या वर्षी एका स्नेह्याच्या मुलीच्या लग्नाला गेलो होतो. मंगलाष्टके संपत आली तसे चार फोटोग्राफर स्टेजवर चढले आणि आम्हा तीनशे माणसांकडे पाठ करून उभे राहिले. अंतरपाट दूर झालेला आम्ही पडद्यावर पाहिला. हार घालून झाले, वाजंत्री थांबली, आणि एक तरुण म्हणाला, "सर, पुन्हा एकदा घाला, प्रकाश नव्हता." हार काढून पुन्हा घातले. मग तिसऱ्यांदा, हळूहळू. गुरुजी हात जोडून थांबले होते. मुहूर्त गाठण्यासाठी ज्यांनी पहाटेपासून घड्याळ पाहिले, त्यांना त्याचे काही वाटले नाही.

फोटोसाठी पुन्हा सजणे ही काही आजची गोष्ट नव्हे, हे मला ठाऊक आहे. दागेरची रीत १८३९ साली पॅरिसला जाहीर झाली. मुंबईत फोटोग्राफीची संस्था १८५४ मध्येच स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळात मुंबईत फोटो काढीत. परंतु तेव्हा काचेवर छबी उमटेपर्यंत माणसाला निश्चल बसावे लागे. चालू लग्नाचा फोटो ही अशक्य गोष्ट होती. जोडपी नंतर सवडीने स्टुडिओत जात. व्हिक्टोरिया राणीचे लग्न १८४० सालचे, त्याचा फोटो नाही. १८५४ मध्ये रॉजर फेंटनने काढलेला राणी व आल्बर्ट यांचा दरबारी पोशाखातला फोटो पुष्कळदा लग्नाचा म्हणून दाखवतात, इतकेच. तेव्हा लग्नानंतर सजून बसण्याला माझी हरकत नाही. लग्न चालू असताना त्याची तालीम करावयास लावणे हे मात्र नवे आहे. रोल मोजके होते तोवर फोटोग्राफर लग्नाची वाट पाही. १९७५ साली कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने फिल्मशिवाय चालणारा कॅमेरा बनवला, पुढे रोलच नाहीसा झाला, आणि आता लग्न फोटोग्राफरची वाट पाहते.

असे सारे मुद्दे मांडून मी निकाल लिहिला: चांदी घ्यावी, प्री-वेडिंगचे नावही काढू नये, समूहफोटो भरपूर घ्यावेत. आणि तो मोठ्या समाधानाने बहिणीच्या घरी वाचून दाखवला.

भाचीने शांतपणे ऐकले. मग ताईचा आल्बम मांडीवर घेऊन पाने उलटीत म्हणाली, "मामा, चोवीस फोटोंत मावशीने एकदाही वर पाहिलेलं नाही."

मी म्हणालो, "तेव्हा तशी रीत होती."

"असेल. आणि आजी कुठे आहे?"

आम्ही शोधले. आई एकाच फोटोत होती: पंगतीच्या मागे, स्वयंपाकघराच्या दारात, अर्धी चौकटीआड, हातात तुपाची तामली. कॅमेऱ्याकडे तिचे लक्ष नाही. ती पानांकडे पाहते आहे. स्वतःच्या पहिल्या मुलीच्या लग्नात समूहफोटोला उभे राहण्याइतकी सवड तिला मिळाली नाही. पन्नासाहून अधिक वर्षे मी हा आल्बम पाहत आलो, माणसे मोजली, आणि हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

भाची पुढे म्हणाली, "प्री-वेडिंगला तू खुशाल हस. पण नवराबायको एकमेकांकडे बघून हसताहेत, असा एक फोटो तुमच्या तीन आल्बमांत मिळून दाखव."

ती विहीणबाईंना फोन करून आली तरी माझे शोधणे चालूच होते. माझ्या लग्नात एक सापडला. बायको मनापासून हसते आहे. पण तिची नजर माझ्याकडे नव्हती. कोणाकडे पाहून हसली होतीस, असे घरी येऊन विचारले. तिलाही आता आठवत नाही.

टीकाकाराला आपले मत बदलावे लागते तेव्हा तो त्यास 'पुनर्मूल्यमापन' म्हणतो. मीही केले. सांगून उभे केलेल्या फोटोंत आमच्या घरच्या बायका एक तर मान खाली घालून आल्या किंवा मुळीच आल्या नाहीत. जो मनुष्य न सांगता, कोपऱ्यात उभा राहून, कामात असलेली वधूमाय टिपू शकतो, त्याचे वेगळे पैसे देणे ही चैन नव्हे. आणि लग्नाआधी दोघांनी एखादी सकाळ हसतखेळत फोटो काढण्यात घालवली तर त्यात संस्कृती बुडत नाही. फक्त त्यासाठी भाड्याचा राजवाडा नको, एवढेच मी म्हणालो आणि तेवढे मान्य झाले.

मग तिघांनी बसून निवड केली. ती करताना जे कळले ते इतरांच्याही उपयोगी पडेल म्हणून लिहितो, कारण यंदा पुष्कळ घरी हीच आठ पाने निरनिराळ्या मुखपृष्ठांसह आली असतील.

पहिले, निवडक तीस फोटो पाहून भुलू नये. वेच्यावरून कवी ठरवीत नाहीत. एखाद्या घरचे, त्या घरच्या संमतीने, सबंध लग्न अथपासून इतिपर्यंत दाखवा म्हणावे. उजेड नसलेल्या सभागृहात आणि जेवणाच्या वेळी त्याचा हात कसा चालतो ते तिथे कळते. दुसरे, आपल्या लग्नाला प्रत्यक्ष कोण येणार त्याचे नाव करारात लिहून घ्यावे. दाखवायचे एकाचे काम आणि पाठवायचे दुसऱ्याला, ही रीत या धंद्यात आहे. तिसरे, त्याच्या कॅमेऱ्यात एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो उतरतात की नाही, हे विचारावे. एक कार्ड बिघडले तर लग्न पुन्हा लावता येत नाही. चौथे, मूळ फोटो किती दिवसांत मिळणार, आल्बम किती दिवसांत, आणि तोवर आगाऊ रकमेपैकी किती हातात राखायचे, हे आधी ठरवावे.

पाचवी गोष्ट कायद्याची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे, पैसे देऊन कोणी फोटो काढवून घेतला तर उलट करार नसेल तेव्हा त्याचा पहिला हक्कदार काढवून घेणारा असतो. पण पॅकेजच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असा उलट करार बहुधा असतो, आणि आपल्या मुलीचा चेहरा पुढच्या वर्षीच्या जाहिरातीत झळकतो. ते पान भिंग घेऊन वाचावे. ड्रोन हवाच असेल तर २०२१ च्या नियमांनुसार अडीचशे ग्रॅमहून जड यंत्र धंद्यासाठी उडवणाऱ्यापाशी तसे प्रमाणपत्र असावे लागते, आणि विमानतळाजवळ परवानगी लागते. आम्ही ड्रोन घेतला नाही. वरून आमच्याकडची टकलेच दिसली असती.

सहावी गोष्ट पॅकेजमध्ये विकत मिळत नाही. घरातल्या एका माणसाने फोटोग्राफरबरोबर फिरावे आणि त्याला सांगावे: ही आजी, ह्या काकू, हे गेल्या महिन्यात इस्पितळातून आले. परक्याला ते कसे कळणार? आम्ही चाळीस नावांची यादी केली आहे. भाचीने तीत पहिले नाव आपल्या आईचे घातले आणि पुढे लिहिले, 'बसलेली.' मुहूर्ताला स्टेजवर एकच फोटोग्राफर, तोही बाजूला, असे ठरले. आणि त्या तिघांनाही पंगतीत आपल्याबरोबर पान मांडावयाचे. भुकेल्या माणसाला कोपऱ्यातला कोणी दिसत नाही.

तर आम्ही सोने घेतले. हजारो फोटो येतील ते कुठल्या तरी डबीत राहतील, आणि त्या डबीचे भवितव्य कॅसेटहून बरे असेल याची हमी कोण देणार? म्हणून शंभर फोटो कागदावर काढावयाचे, आणि प्रत्येकामागे मऊ पेन्सिलीने नावे लिहावयाची. मार्गशीर्षात अंतरपाटाच्या अलीकडे भाचीच्या मागे, १९७१ साली जिथे आमचा मामा होता तिथे, मी उभा असेन. माझेही नाव लिहा, असे सांगून ठेवले आहे.

हे नावांचे सुचले ते ताईमुळे. परवा जुना आल्बम तिला दाखवला. पंगतीच्या फोटोत अगदी पुढे, अर्ध्या चड्डीतला, सदऱ्याचे वरचे बटण तुटलेला, हातात जिलबी धरून थेट कॅमेऱ्यात पाहणारा एक सहासात वर्षांचा मुलगा आहे. चोवीस फोटोंत तो एकटाच खळखळून हसतो आहे. ताई म्हणते तो आपल्याकडचा. मेव्हणे म्हणतात तुमच्याकडचाच असणार. भाऊबीजेला दोघी बहिणी माझ्याकडे येतील तेव्हा फराळाच्या ताटांशी आल्बम पुन्हा निघेल आणि वाद पुन्हा होईल. वाचकांपैकी कोणी १९७१ च्या वैशाखात वाईला एका लग्नात जिलबी खाल्ली असेल, आणि तेव्हा त्यांच्या सदऱ्याला बटण नसेल, तर त्यांनी कृपा करून संपादकांकडे एक कार्ड टाकावे. फोटोमागची जागा मोकळी ठेवली आहे.